पेनसिल्व्हेनियाचा पिस्तूल परवाना: नदीपलीकडे एडिसनला आणि गाडीने डॅलसपर्यंत चालतो का?

नदीपल्याडचा (ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत राहतो. स्वतःचं औषधांचं दुकान आहे. इथे ज्यांनी फार्मसी चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुलूपबंद कपाटातल्या ऑक्सिकोडोनसारख्या नशेच्या वेदनाशामकासाठी माणसं काय थराला जातात ते आमच्या धंद्यातला प्रत्येक जण ऐकून असतो, आणि रात्री दुकान बंद करून गाडीपर्यंत जातानाची ती शंभर पावलं मला नकोशी होतात. बायकोशी बरीच चर्चा करून मी एक पिस्तूल घेतलं (ग्लॉक १९) आणि काउंटीच्या शेरीफकडून ते बाळगण्याचा परवानाही काढला. फी २० डॉलर, मुदत पाच वर्षं. वर्ग नाही, परीक्षा नाही, गोळी झाडून दाखवणं नाही. इतक्या मोठ्या जबाबदारीच्या मानाने हे फारच सोपं वाटलं, म्हणून नेमबाजीचा वर्ग मी माझ्या पैशाने केला.

गावी वडिलांकडे बारा बोरची परवान्याची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायची. त्यामुळे परवाना म्हणजे नियम पाळणं हे लहानपणापासून डोक्यात आहे. इथले नियम मात्र राज्य बदललं की बदलतात, आणि माझी गाडी तीन ठिकाणी अडली आहे.

ताई एडिसनला राहते. डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सी. आमचं येणं-जाणं सतत चालू असतं. जिथून पिस्तूल घेतलं त्या दुकानातला विक्रेता म्हणाला, "गाडीत असेल तर कोणी विचारत नाही." हे कितपत खरं?

दुसरं, मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट डॅलसमध्ये प्रवेश मिळालाय. तिला सामानासकट गाडीने सोडायला जाणार आहोत, हॅरिसबर्गवरून आय-८१ महामार्गाने खाली. वाटेत कुठल्या राज्यात काय करायचं?

आणि तिसरं, ड्रायव्हिंग लायसन्स पन्नास राज्यांत चालतं, मग हा परवाना का चालत नाही?

माझं ग्रीन कार्ड आहे, अजून नागरिक झालेलो नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

कराडकरीण

दादा, प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, आणि त्या विक्रेत्याचं वाक्य डोक्यातून आधी काढून टाका. मी टेक्सासात राहते. शनिवार-रविवारी पिस्तूल परवान्याचे वर्ग घेते. वर्गात आपली माणसं बरीच येतात, म्हणून सवडीने लिहिते आहे. मी वकील नाही. नदी ओलांडण्याआधी तिकडच्या वकिलाला एकदा जरूर भेटा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीची दोन उत्तरं त्यातच आहेत. ड्रायव्हिंग लायसन्स राज्याराज्यांनी आपसांत मान्य केलंय. पिस्तुलाच्या परवान्याबाबत तसं देशभर एकमत नाही आणि केंद्राचा तसा कायदाही नाही. सगळ्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केलं होतं, पण सिनेटमध्ये ते पुढे गेलंच नाही. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलंय. तोवर प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं की कोणाचा परवाना मानायचा आणि कोणाचा नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मेरीलँड, कॅलिफोर्निया, इलिनॉय ही राज्यं बाहेरचा कोणताही परवाना मानत नाहीत.

आता लोकांचा गोंधळ इथे होतो. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ब्रूएन खटल्याचा निकाल दिला, सहा विरुद्ध तीन. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासूनच्या कायद्याखाली परवान्यासाठी "मला इतरांपेक्षा वेगळं, खास कारण आहे" हे सिद्ध करावं लागायचं. ती अट कोर्टाने रद्द केली. पाठोपाठ न्यू जर्सी, मेरीलँड, कॅलिफोर्निया यांच्याही तशाच अटी गेल्या. लोकांनी याचा अर्थ लावला की आता सगळीकडे मोकळीक. तसं झालेलं नाही! कारण विचारायचं बंद झालं, पण परवाना लागतोच, त्यांचाच लागतो, आणि या राज्यांनी उलट प्रशिक्षणाच्या अटी वाढवल्या. न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून १६ तासांचा वर्ग आणि वर २ तास प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा झाला. टाइम्स स्क्वेअरसारख्या ठिकाणी परवाना असूनही पिस्तूल नेता येत नाही.

दुसऱ्या टोकाला आमचं टेक्सास. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या, कायद्याने शस्त्र बाळगायला पात्र असलेल्या माणसाला परवानाच लागत नाही. व्हरमाँटने तर परवाना कधी मागितलाच नाही. अलास्का २००३ मध्ये आलं, ॲरिझोना २०१० मध्ये, आणि २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना धरून अशी २९ राज्यं झाली. तुमचं पेनसिल्व्हेनिया मधलं: परवाना लागतो, पण मागितला आणि पात्र असलात तर शेरीफला द्यावा लागतो.

एडिसन. पेनसिल्व्हेनियाचा परवाना पुलावरच संपतो. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल सोबत असणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, शिक्षेची चौकट ५ ते १० वर्षं. ग्रेव्ह्ज ॲक्ट नावाच्या कायद्यामुळे त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय काढावे लागू शकतात. पिस्तूल चोरीचं नव्हतं, कोणाला दाखवलं नव्हतं, आपला परवाना होता, यातलं काहीही गुन्हा पुसत नाही.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक बाई, दोन मुलांची एकटी आई, अटलांटिक सिटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर किरकोळ वाहतुकीच्या कारणासाठी थांबवली गेली. तिच्याकडे तुमच्याकडे आहे तोच पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. तिने आपणहून अधिकाऱ्याला सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिथेच अटक. तुरुंगात दिवस काढले, साडेतीन वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार होती. देशभर गाजावाजा झाला म्हणून सरकारी वकिलाने पवित्रा बदलला आणि २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. सगळ्यांसाठी देशभर गाजावाजा होत नाही.

आणि दादा, हे तुमच्यासाठी मुद्दाम. तुमचं ग्रीन कार्ड आहे. शस्त्र विकत घेणं, जवळ बाळगणं, सोबत नेणं याबाबतच्या कुठल्याही कायद्याखाली दोषी ठरलात तर इमिग्रेशन कायद्यात ते देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. नागरिक असलेल्या माणसाला चूक महागात पडते. तुमच्या बाबतीत दुकान, घर, मुलीचं शिक्षण सगळं पणाला लागतं. वर्गात ग्रीन कार्डवाला कोणी असला की मी हे पहिल्या तासातच सांगते, कारण परवाना कुठे चालतो ते नकाशावर हिरव्या-लाल रंगात दाखवणाऱ्या ॲपमध्ये हे कुठेही लिहिलेलं नसतं.

डॅलसचा प्रवास. माझं स्पष्ट मत आहे की मुलीला सोडायला जाताना पिस्तूल न्यायची गरज नाही. घरी तिजोरीत ठेवा. न्यायचंच असेल तर पुढचं नीट वाचा.

आय-८१ वर पेनसिल्व्हेनिया संपलं की मेरीलँड लागतं, हॅगर्सटाउनजवळून. जेमतेम १२ मैलांचा तुकडा. गाणं संपेपर्यंत राज्य संपतं, पण तेवढ्या तुकड्यात तुमचा परवाना शून्य आहे. इथे उपयोगी पडतो तो १९८६ चा केंद्रीय कायदा. निघालात तिथे आणि जाणार आहात तिथे पिस्तूल बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून तुम्हाला ते नेता येतं. अट अशी की ते रिकामं हवं, आणि पिस्तूल किंवा गोळ्या दोन्हींपैकी काहीही माणसं बसतात त्या भागातून हाताला येता कामा नये. डिकी वेगळी असेल तर डिकीत. एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल, डिकी आतूनच उघडी असेल, तर कुलूपबंद पेटीत. ग्लव्ह बॉक्सला कुलूप आहे म्हणून चालत नाही, तो आणि मधला कप्पा कायद्याने नावानिशी वगळलाय.

ही आवराआवर मेरीलँडची पाटी दिसल्यावर रस्त्याकडेला करायची नाही. घरून निघतानाच करायची: मॅगझिन (गोळ्या भरायचा कप्पा) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. पिस्तूल कडक पेटीत, पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या डब्यात. किल्ली तुमच्या खिशात.

विल्यम्सपोर्टला पोटोमॅक नदी ओलांडली की वेस्ट व्हर्जिनिया. तिथे २०१६ पासून परवाना सक्तीचा नाही. मग व्हर्जिनिया, हा सगळ्यात लांबचा पट्टा, तीनशे मैलांच्या वर. व्हर्जिनिया २०१६ पासून इतर राज्यांचे वैध परवाने मानते, वय २१ आणि फोटो ओळखपत्र सोबत हवं. टेनेसीत २०२१ पासून परवान्याची सक्ती नाही, अर्कान्सासातही नाही, मग आय-३० ने तुम्ही टेक्सासात.

म्हणजे पोटोमॅकनंतर पेटी उघडायला हरकत नाही असं वाटेल. इथे आणखी एक केंद्रीय कायदा आडवा येतो. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत शस्त्र नेता येत नाही. यातून सूट आहे ती ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याने परवाना दिलेल्याला. पेनसिल्व्हेनियाचा कागद टेनेसीतल्या शाळेजवळ ही सूट देत नाही, जरी टेनेसी स्वतः काही म्हणत नसलं तरी. हमरस्ता सोडून पेट्रोल भरायला गावात शिरलात की शाळा कुठे आहे हे कळणार कसं? रिकामं आणि कुलूपबंद असेल तर मात्र हा कायदा आड येत नाही. म्हणून मुलीचं विद्यापीठ आहे त्या रिचर्डसनपर्यंत पेटी उघडूच नका.

परवाना लागत नाही त्या राज्यातही परवाना काढावा असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते ते याचसाठी. टेक्सासचा ऐच्छिक परवाना ४० डॉलरचा. ४ ते ६ तासांचा वर्ग, मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण मिळाले की उत्तीर्ण. वर्गात निम्म्याहून जास्त वेळ मी गोळी न झाडता प्रसंग कसा टाळायचा यावर देते.

टेक्सासात पोचल्यावर दारावरच्या पाट्या वाचायला शिका. ३०.०६ म्हणजे परवानाधारकाने लपवून आणायचं नाही, ३०.०७ म्हणजे उघड आणायचं नाही, ३०.०५ परवाना नसलेल्यांसाठी. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर अक्षरात लावलेल्या असतात. लाल रंगात ५१ टक्के लिहिलेलं दिसलं तर ते मुख्यतः दारूवर चालणारं ठिकाण, तिथे अजिबात नाही. विद्यापीठाच्या आवारात विनापरवाना सवलत लागू नाही. तिथे परवाना लागतो आणि शिवाय प्रत्येक विद्यापीठाची वगळलेल्या इमारतींची यादी असते. मुलीच्या वसतिगृहात सामान चढवताना पिस्तूल अंगावर नको, एवढं धरून चाला.

---

एडिसनवासी

ताईंनी वर लिहिलेलं प्रत्येक अक्षर खरं आहे. मी न्यू जर्सीचा परवाना काढलाय, म्हणून इकडची बाजू.

आधी फायरआर्म्स आयडी कार्ड. मग प्रत्येक पिस्तुलासाठी खरेदीचा वेगळा परवाना, महिन्याला एकच. मग बाळगण्याचा परवाना: बोटांचे ठसे, प्रशिक्षण, नेमबाजीची चाचणी, आणि नात्यात नसलेल्या चार माणसांची शिफारस. ही चार माणसं मिळवणं मला सगळ्यात जड गेलं. मित्रांना विचारलं तर दोघांनी सरळ सांगितलं की आमचं नाव कुठल्या पोलीस फॉर्मवर नको. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फी २०० डॉलर, मुदत फक्त दोन वर्षं.

हे सगळं करूनही डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ग्रंथालय, बाग, समुद्रकिनारा, दारू मिळते ते रेस्टॉरंट, इस्पितळ, कसिनो अशी लांबलचक यादी वर्ज्य केलीये. यातल्या काही कलमांवर कोर्टात भांडण चालू आहे, त्यामुळे यादी अधूनमधून बदलते.

दादा, तुमच्यासाठी दोन गोष्टी. ग्लॉक १९ सोबत कंपनीचं १५ गोळ्यांचं मॅगझिन येतं. न्यू जर्सीत १० च्या वरचं मॅगझिन रिकामं जवळ असलं तरी गुन्हा. आणि टोकाला खड्डा असलेल्या हॉलो पॉइंट गोळ्या, ज्या तुमच्याकडे स्वसंरक्षणासाठी सर्रास विकतात, त्या इथे घराबाहेर सोबत ठेवणं माझ्यासारख्या परवानाधारकालाही चालत नाही. म्हणजे पिस्तूल घरी ठेवलंत आणि मॅगझिन गाडीच्या दारात विसरलं, तरी तुम्ही अडकलात.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला न्यू जर्सीचा परवाना मिळू शकतो, अर्ज राज्य पोलिसांकडे. येणं-जाणं खरोखर इतकं असेल आणि पिस्तूल हवंच असेल तर तो एक सरळ मार्ग आहे.

अजून एक, विमानाने जाणाऱ्यांसाठी. २००५ मध्ये युटाहचा एक प्रवासी ॲलनटाउनला निघाला होता, तुमच्या शेजारीच. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद, रीतसर घोषित केलेलं, चेक-इन बॅगेत. नेवार्कला पुढची जोडणी चुकली. बॅग त्याच्या हातात दिली गेली. तो ती घेऊन विमानतळाजवळच्या हॉटेलात रात्रभर राहिला आणि सकाळी परत चेक-इन करताना अटक झाली. नंतर आरोप मागे घेतले गेले, पण त्याने केलेल्या दाव्यात अपील कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की हॉटेलात बॅग हाताला येण्यासारखी होती, सबब १९८६ च्या कायद्याचं संरक्षण त्याला नाही. या भागातून कनेक्टिंग फ्लाइट घेताना शस्त्र बॅगेत असेल तर मी नेवार्क टाळतो.

---

ओंकार, अटलांटा

धागा वाचतोय, खूप उपयोगी. माझा प्रश्न थोडा वेगळा. जॉर्जियात २०२२ पासून परवाना लागत नाही. मी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, वय ३१, कुठलाही गुन्हा नाही, ड्रायव्हिंग लायसन्स जॉर्जियाचं. म्हणजे मी घेऊ शकतो ना? ऑफिसातले सगळे रेंजवर (नेमबाजीच्या सरावाला) जातात, मलाही पुढच्या शुक्रवारी बोलावलंय. बायको अमेरिकन नागरिक आहे आणि तिच्या नावावर पिस्तूल घेण्याचा आमचा विचार चालू आहे.

---

कराडकरीण

ओंकार, थांबा. शुक्रवारी जाऊ नका.

जॉर्जिया काय म्हणतं याला तुमच्या बाबतीत अर्थ नाही. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन, बी-टू अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, पन्नास राज्यांत. २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षं. राज्याने परवान्याची अट काढली म्हणून केंद्राची बंदी उठत नाही. रेंजवर भाड्याचं पिस्तूल दहा मिनिटं हातात घेणं हेसुद्धा जवळ बाळगणंच. रेंजवाले बहुतेक वेळा फक्त ड्रायव्हिंग लायसन्स बघतात आणि फॉर्मवर सही घेतात. त्या फॉर्ममध्ये व्हिसाबद्दल ओळ असते, ती मित्रांच्या गडबडीत कोणी वाचत नाही.

या बंदीला मोजके अपवाद आहेत. आपल्या लोकांत सर्वांत जास्त चर्चा होते ती एखाद्या राज्याच्या वैध शिकार परवान्याची, म्हणजे हंटिंग लायसन्सची. तो असेल तर केंद्राची ही बंदी लागू होत नाही. पण हा पळवाट म्हणून विकत घ्यायचा कागद नव्हे. त्याची मुदत संपली की त्या दिवसापासून तुम्ही गुन्हेगार. आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मग काय ते ठरवा.

पत्नीच्या नावाचं पिस्तूल: ती नागरिक असल्याने घेऊ शकते. पण तिजोरीचा आकडा तुम्हाला माहीत असेल, किल्ली सामाईक जागी टांगलेली असेल, तर ते तुमच्याही ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. पैसे तुमचे, वापरणार तुम्ही आणि फॉर्मवर नाव तिचं, हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. माझ्या वर्गात एक तरुण असाच आला होता. टेक्सासचं ओळखपत्र समोर ठेवलं, सगळं शिकायची तयारी, अतिशय गुणी मुलगा. व्हिसा विचारला तर एच-वन-बी. मी त्याला पैसे परत दिले आणि ग्रीन कार्ड आल्यावर ये म्हणून सांगितलं. त्याला राग आला, आणि तो राग मला मान्य आहे. त्याच्या हातात पिस्तूल देणं मला मान्य नव्हतं.

जाता जाता सगळ्यांसाठीच: गांजा राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही. दुकानात पिस्तूल घेताना ४४७३ क्रमांकाचा जो फॉर्म भरतो त्यात हा प्रश्न असतो, आणि राज्याने परवानगी दिली असली तरी फरक पडत नाही असं त्यातच छापलेलं असतं. पाठदुखीसाठी वैद्यकीय गांजाचं कार्ड काढलेले लोक इथेही असतील. कार्ड आणि पिस्तूल एकत्र नको.

---

स्मिता, बाल्टिमोर

मी इमर्जन्सी विभागात परिचारिका आहे. इतकं सगळं कायद्याचं वाचून झाल्यावर मला एक वेगळं सांगायचंय, रागावू नका.

या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आमच्याकडे येतात त्यांत दरोडेखोराने मारलेला माणूस क्वचित. घरातलंच पिस्तूल, घरातलाच मुलगा किंवा नवरा, आणि एका वाईट रात्रीचा निर्णय. औषधाच्या गोळ्या खाऊन आलेल्याला वाचवायला आम्हाला वेळ मिळतो. पिस्तुलाने तो वेळ मिळत नाही. आपल्या घरांत मुलांच्या मार्कांवरून, कॉलेज प्रवेशावरून किती ताण असतो आणि तो किती कमी बोलला जातो, हे आपण सगळे जाणतो.

दादा, तुमची मुलगी जाते आहे. घरी आणखी कोणी लहान आहे का? तिजोरी आहे का, आणि तिचा आकडा कोणाकोणाला माहीत आहे? कुठल्या राज्यात काय चालतं याच्या आधी मी हे विचारेन.

---

कराडकरीण

स्मिताताई, रागावू कशाला, हे वर्गात मीच सांगते. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागलं तर ते तसं ठेवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

---

नदीपल्याडचा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्मिताताई, घरी चौदा वर्षांचा मुलगा आहे. तिजोरी पलंगाखाली आहे, बोटाच्या ठशाची. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री मी आणि बायको बराच वेळ बोललो. ती तिजोरी आता दुकानात जाणार, औषधांच्या कपाटाच्या मागे, जमिनीला बोल्टने पक्की. पिस्तुलाची गरज मला दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत आहे, झोपायच्या खोलीत नाही.

डॅलसला नेत नाही. एडिसनलाही नाही. पण एक शंका राहिली. आमच्या भागातल्या मंडळाचा गणपती आणि मराठी शाळा, दोन्ही हायस्कूलच्या भाड्याने घेतलेल्या इमारतीत असतात. शनिवारी मी दुकान बंद करून तसाच थेट तिकडे जातो, पिस्तूल कंबरेलाच असतं. शाळा तर त्या दिवशी बंद असते. पेनसिल्व्हेनियातच आहे, परवानाही इथलाच. चालेल ना?

---

कराडकरीण

नाही. शनिवार असो, गणपती असो, भाड्याने घेतलेलं सभागृह असो, इमारत शाळेची आहे. तुमच्या राज्याचा परवाना केंद्राच्या शाळा-परिसर कायद्यातून तुम्हाला सूट देतो, पण पेनसिल्व्हेनियाचा स्वतःचा वेगळा कायदा शाळेच्या मालमत्तेवर शस्त्र आणायला मनाई करतो. इमारत, मैदान, शाळेची बस, सगळं त्यात आलं. वाहनतळही मालमत्तेतच येतो, म्हणून गाडीत ठेवून आत जाणं हाही उपाय नाही. न्यू जर्सीतही तेच आहे, तिथला परवाना असला तरी. मंडळाच्या कार्यकारिणीत कोणी ओळखीचं असेल तर कार्यक्रमाच्या ईमेलमध्ये ही एक ओळ घालायला सांगा, कारण तिथे परवाना असलेले तुम्ही एकटे नसाल.

शनिवारी पिस्तूल दुकानातल्या नव्या तिजोरीत ठेवा आणि मग आरतीला जा. आणि पोस्टात पाकीट टाकायला जातानाही हेच. पोस्ट ऑफिस केंद्राचं आहे, आत तर नाहीच, त्यांच्या पार्किंगमध्येही नाही.

पोलिसाने गाडी थांबवली तर काय, हे कोणी विचारलं नाही, तरी लिहिते. न्यू जर्सी, मिशिगन अशा काही राज्यांत पिस्तूल सोबत असेल तर आपणहून लगेच सांगणं सक्तीचं आहे. टेक्सासात अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितलं की त्यासोबत परवानाही दाखवायचा. पेनसिल्व्हेनियात आपणहून सांगायची सक्ती नाही, मागितला तर दाखवायचा. गाडीचे कागद आणि पिस्तूल एकाच कप्प्यात कधीही ठेवू नका. आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आधी बोला, त्याने "हो" म्हटल्यावर मग हात हलवा. बायकोलाही हे शिकवून ठेवा. ती शेजारच्या सीटवर बसून घाईघाईने पर्स उघडत असते तेव्हा अधिकारी तिच्याकडे बघत असतो.